चौकटीबाहेरची जमीन
यवतमाळविषयीचे माहितीपट आणि आदिवासींचा विस्मरणात गेलेला हक्क

महाराष्ट्रातील फार थोड्या जिल्ह्यांची नावे परदेशातील चित्रपटगृहांत उच्चारली गेली असतील. यवतमाळचे नाव उच्चारले गेले. परंतु ते कापूस, कर्ज आणि आत्महत्या या तीन शब्दांच्या सोबतीने. दीपा भाटिया यांचा 'नीरोज् गेस्ट्स' (२००९), अमेरिकेत स्थायिक झालेल्या मिका पेलेड यांचा 'बिटर सीड्स' (२०११) आणि कविता बहल व नंदन सक्सेना यांचा 'कॉटन फॉर माय श्राउड' (२०११) हे तीन माहितीपट विदर्भातील शेतकऱ्याच्या मरणाला साक्षीदार म्हणून उभे राहिले. सरकारी अहवालांतील कोरड्या आकड्यांना त्यांनी चेहरे दिले. हे त्यांचे ऋण आम्ही आरंभीच मान्य करतो.

मात्र हे माहितीपट शेजारीशेजारी ठेवून पाहिले असता एक प्रश्न मनात घर करतो. कॅमेरा शेतात येतो, बांधावर बसतो, विधवेच्या घरात शिरतो, बियाण्याच्या दुकानापुढे उभा राहतो. परंतु ज्या जमिनीवर हे सारे घडते ती जमीन मुळात कोणाची होती आणि आज कोणाच्या नावावर आहे, हे विचारण्यास तो फारसा थांबत नाही. यवतमाळ जिल्ह्यात दर पाच-सहा माणसांमागे एक आदिवासी आहे. गोंड, कोलाम, आंध, परधान या जमातींची वस्ती येथे पिढ्यान् पिढ्यांची आहे. कोलामांच्या वस्तीला या जिल्ह्यात 'पोड' म्हणतात आणि महाराष्ट्रातील ज्या तीन जमाती शासनाने विशेष दुर्बळ म्हणून नोंदविल्या आहेत त्यांत कातकरी व माडिया गोंड यांच्यासमवेत कोलामांची गणना होते. या लोकांच्या जमिनीच्या हक्काची कहाणी पडद्यावर यायची असेल तर ती कशी यावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. त्यासाठी आधी जे चित्रपट झाले आहेत त्यांच्याकडेच वळावे लागेल.

'नीरोज् गेस्ट्स'ची मध्यवर्ती व्यक्ती म्हणजे पत्रकार पी. साईनाथ. चित्रपट त्यांच्यासोबत विदर्भातील घराघरांत जातो. श्रीकृष्ण कळंब या शेतकरी-कवीच्या कुटुंबात बसतो. आणि मुंबईत फॅशनच्या सप्ताहाचे वृत्तांकन करण्यास शेकडो पत्रकार जमतात, तर त्याच कपड्यांचा कापूस पिकविणाऱ्यांच्या मरणाची बातमी करण्यास मोजकेच का येतात, हा साईनाथांचा प्रश्न प्रेक्षकांपुढे ठेवतो. चित्रपटाचे नाव रोमन इतिहासकार टॅसिटसच्या वृत्तांतावरून घेतलेले आहे. सम्राट नीरोने आपल्या उद्यानात रात्रीच्या उजेडासाठी जिवंत माणसे जाळली, हा तो वृत्तांत. साईनाथांचा रोख नीरोवर नाही. त्या उजेडात वावरणारे पाहुणे कोण होते आणि त्यांची मने कशी होती, हे ते विचारतात. आमच्या वाचकांना येथे एक गोष्ट सहज आठवेल. टॅसिटसच्या लेखी त्या रात्री जळालेली माणसे ख्रिस्ती होती. आपण ज्यांना आद्य रक्तसाक्षी म्हणून स्मरतो त्यांचीच ती कथा आहे. आज त्या कथेत आपले स्थान बदलले आहे काय, हा प्रश्न चित्रपट आपल्याला उद्देशून विचारीत नाही. तरी तो आपल्यापाशी येऊन थांबतो.

एवढ्या सामर्थ्याच्या चित्रपटालाही एक मर्यादा आहे आणि ती त्याच्या विषयातच दडलेली आहे. कर्जबाजारी शेतकरी दाखवायचा तर तो आधी खातेदार हवा. बँक कर्ज देते ते सातबारा पाहून. आत्महत्येनंतर शासनाची मदत द्यायची की नाही, हे ठरविताना 'पात्र' आणि 'अपात्र' असे जे दोन कप्पे झाले, त्यांतही कुटुंबाच्या नावे जमीन आणि कर्ज असणे या अटी होत्या. जंगलालगतचा तुकडा आजोबांपासून कसणारा कोलाम या हिशेबात खातेदार ठरत नाही. त्याच्या नावे सातबारा नसतो, म्हणून बँकेचे कर्ज नसते. बँकेचे कर्ज नसते, म्हणून तो सावकाराकडे जातो. आणि खचून तो मेला तर कागदोपत्री शेतकरी म्हणूनही मरत नाही. म्हणजे ज्याची जमीन आधीच गेली आहे, तो शोकाच्या यादीतूनही गळतो. चित्रपटाचा रोख कर्ज, शेतमालाचा भाव आणि शहरांची उदासीनता यांवर असल्याने ही गळती त्याच्या नजरेच्या कडेला राहून जाते.

'बिटर सीड्स' यवतमाळ जिल्ह्यातील तेलंग टाकळी या गावी घडतो. पेरणीपासून वेचणीपर्यंत एका हंगामाची चौकट त्याने घेतली आहे. जमीन सावकाराकडे अडकवून बीटी कपाशी लावणारा शेतकरी, लग्नाला आलेली त्याची मुलगी, पिकावर पडलेली कीड, आणि पत्रकार होऊ पाहणारी त्याच गावची एक तरुणी, जिच्या वडिलांनी आत्महत्या केली आहे. या तरुणीची योजना हा चित्रपटाचा सर्वांत मोठा गुण होय. बाहेरून आलेल्या दिग्दर्शकाने प्रश्न विचारण्याचे काम गावच्याच लेकीकडे सोपविले. त्यामुळे उत्तरेही निराळी आली. परक्यापुढे माणसे गाऱ्हाणे मांडतात, घरच्या मुलीपुढे ती विचार करतात. हा फरक पडद्यावर जाणवतो.

तथापि, येथेही प्रश्न बियाण्याचा आहे. २००२ साली देशात बीटी कपाशीस परवानगी मिळाली, बाजारातून देशी वाण हटत गेले, खर्च वाढला आणि जोखीम कोरडवाहू शेतकऱ्याच्या माथी आली, हा चित्रपटाचा युक्तिवाद. त्याच्या बाजूने आणि विरुद्ध बोलता येईल. आमचे म्हणणे एवढेच की जमिनीत काय पेरले हे विचारणारा चित्रपट, ती जमीन पेरणाऱ्याच्या हाती कशी आली किंवा कोणाच्या हातून गेली, या थराखाली उतरत नाही. तेथे सावकाराकडे गहाण पडणारी जमीन ही संकटाची अखेर आहे. आदिवासी पोडावर मात्र जमीन जाणे ही कथेची सुरुवात असते, आणि ती सुरुवात फार जुनी आहे.

ती थोडक्यात सांगणे अवश्य आहे. इंग्रज अमदानीत वऱ्हाडात रयतवारी पद्धतीने जमिनीची मोजणी झाली. कागदावर ज्याचे नाव लागले तो धारक ठरला, आणि जमीन विकण्याची, गहाण टाकण्याची वस्तू झाली. कुदळीने फिरती शेती करणाऱ्या, आज या टेकडीवर तर चार वर्षांनी पलीकडच्या टेकडीवर पेरणाऱ्या कोलामाचे नाव अशा कागदावर लागणे कठीणच होते. जंगले राखीव झाली, आणि काल जो रहिवासी होता तो आज अतिक्रमणदार ठरला. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे राखीव जंगलातील गवत कापून कायदेभंग केला. तो जंगल सत्याग्रह आपल्या इतिहासात योग्य मानाने नोंदला गेला आहे. पण गवत कापणे हा ज्यांचा सत्याग्रह नव्हता, नित्याचा संसार होता, त्यांची नोंद त्या इतिहासात कोठे आहे?

स्वातंत्र्यानंतर १९५० साली अनुसूचित जमातींची यादी निघाली, तेव्हा या जिल्ह्यातील केळापूर, वणी आणि यवतमाळ हे तीनच तालुके तिच्यात होते. एकाच कुळातील दोन भावांपैकी केळापुरात राहणारा आदिवासी, आणि दारव्ह्यात किंवा पुसदला राहणारा आदिवासी नव्हे, अशी ही व्यवस्था १९७६ च्या कायद्याने क्षेत्रबंधन उठेपर्यंत चालू राहिली. महाराष्ट्राने १९७४ साली दोन कायदे केले. एकाने आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे जाण्यावर कडक निर्बंध घातले. दुसऱ्याने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात गेलेल्या जमिनी परत करण्याची तरतूद केली. त्यास आव्हान दिले गेले, आणि १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने लिंगप्पा पोचन्ना अपीलवार यांच्या खटल्यात हा कायदा वैध ठरविला. पुढे २००६ चा वनहक्क कायदा आला. वनवासी जमातींवर ऐतिहासिक अन्याय झाला, हे त्याच्या उद्देशिकेतच मान्य केलेले आहे. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून ताब्यात असलेल्या वनजमिनीवर, चार हेक्टरांच्या मर्यादेत, आदिवासीचा हक्क त्याने मानला. कोलामांसारख्या जमातींच्या अधिवासाच्या हक्काचाही त्यात स्पष्ट उल्लेख आहे. आणि तरीही १३ फेब्रुवारी २०१९ रोजी, ज्यांचे दावे फेटाळले गेले त्यांना वनजमिनीवरून काढण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयातून निघाला. तो त्याच महिन्याच्या २८ तारखेस स्थगित झाला खरा. परंतु दावा फेटाळलेल्या माणसाची झोप त्या पंधरा दिवसांत कशी असेल, याची कल्पना करावी.

म्हणजे हक्क विसरला गेला तो कायदा नव्हता म्हणून नव्हे. कायदे होते; त्यांची आठवण ठेवणारे कोणी नव्हते. अर्जदार गावात, फाईल तालुक्याला, निकाल जिल्ह्याला आणि भाषा या तिन्ही ठिकाणी परकी. माहितीपटकाराची खरी अडचण येथे सुरू होते. कॅमेऱ्याला घटना लागते. आत्महत्या ही घटना आहे. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री राळेगाव तालुक्यात बोराटीजवळ 'अवनी' वाघीण मारली गेली, तीही घटना होती. तेरा माणसांच्या मृत्यूस जबाबदार धरलेल्या या वाघिणीसाठी देशभर हळहळ व्यक्त झाली. पुढे २०२१ मध्ये आलेल्या अमित मसुरकर यांच्या 'शेरनी' या काल्पनिक कथेच्या चित्रपटाशी तिचे नाव जोडले गेले. त्या चित्रपटात गावकरी एक साधी गोष्ट सांगतात: आमच्या चराईच्या जागेवर वनखात्याने सागाची रोपे लावली, आता गुरे वाघाच्या जंगलात न्यावी लागतात. वाघाने माणूस का मारला, याचे उत्तर चराईच्या जमिनीपर्यंत जाते, हे त्या एका संवादाने दाखविले. आमच्या मते संपूर्ण चित्रपटातील तो सर्वांत मोलाचा क्षण होय, आणि तो एखाद्या माहितीपटाचा आरंभ होऊ शकला असता.

जमिनीचा हक्क मात्र घटनेसारखा नष्ट होत नाही. तो झिजतो. आनंद पटवर्धन व सिमंतिनी धुरू यांच्या 'अ नर्मदा डायरी' (१९९५) या माहितीपटाशी तुलना केली म्हणजे हे ध्यानात येईल. तेव्हाच्या धुळे आणि आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील मणिबेलीसारखी आदिवासी गावे सरदार सरोवराच्या पाण्याखाली जात होती. दिग्दर्शकद्वय अनेक वर्षे तेथे पुनःपुन्हा गेले, म्हणूनच त्या कृतीला रोजनिशीचे नाव शोभते. पण त्यांच्या पाठीशी एक भीषण दृश्य उभे होते: चढत जाणारे पाणी. यवतमाळच्या पोडावर असे पाणी चढत नाही. तेथे तलाठ्याच्या दप्तरात एक नाव कमी होते आणि दुसरे लागते. शेत तेथेच राहते, बांध तेथेच राहतो, मोहाचे झाड तेथेच राहते. न दिसणाऱ्या या बुडण्याचे चित्रण करायचे कसे?

याचे एक उत्तर फार दूरच्या भूमीवर मिळते. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागातील बोरोलूला येथील मूलनिवासी समाजाने कॅरोलिन स्ट्रॅचन आणि अलेस्सांद्रो काव्हादिनी यांच्या साहाय्याने १९८० च्या दशकाच्या आरंभी 'टू लॉज' हा माहितीपट केला. काय चित्रित करायचे, कोणी बोलायचे, कोणी कोठे बसायचे, हे सारे त्या समाजाने एकत्र बसून ठरविले. विस्तृत कोनाची भिंग मुद्दाम वापरली गेली, कारण तेथील रीतीप्रमाणे महत्त्वाची गोष्ट एकट्याने सांगायची नसते. ज्यांना ती ठाऊक आहे ते सारे भोवती बसलेले असावे लागतात. १९३३ सालच्या पोलिसी अत्याचाराची हकिकत त्यांनी स्वतःच अभिनयाने उभी केली, आणि जमिनीवरील दाव्याचा झगडाही आपल्या शब्दांत मांडला. चित्रपट संथ आहे, काही ठिकाणी कंटाळवाणाही वाटतो. परंतु त्यातील माणसे कोणाच्या करुणेसाठी बसलेली नाहीत. ती साक्ष देण्यासाठी बसली आहेत, आणि तिचे स्वरूप त्यांनीच ठरविले आहे.

त्याच देशात २९ नोव्हेंबर १९८६ रोजी ॲलिस स्प्रिंग्ज येथे पोप जॉन पॉल दुसरे यांनी मूलनिवासींपुढे बोलताना त्यांच्या भूमिहक्काची बाजू उघडपणे मांडली होती. १९९२ साली तेथील उच्चतम न्यायालयाने माबो खटल्यात, गोरे आले तेव्हा ही भूमी कोणाच्याच मालकीची नव्हती, ही दोनशे वर्षांची समजूत खोडून काढली. 'कोणाचीच नाही' हा त्यांचा शब्द आणि 'अतिक्रमण' हा आपला शब्द, दोहोंचा जन्म एकाच ठिकाणचा आहे. जो तेथे होता तो कागदावर नव्हता, म्हणून तो नव्हताच, असे ठरविण्यात आले.

आता यवतमाळकडे परत येऊ. वनहक्क कायद्याच्या २००८ च्या नियमांत पुराव्यांची जी यादी आहे, ती कोणाही माहितीपटकाराने संहितेसारखी जवळ बाळगावी अशी आहे. केवळ शासकीय कागद नव्हे, तर जमिनीवर घातलेले बांध, घरे, जुन्या विहिरी, दफनभूमी, पवित्र स्थळे, वंशावळी आणि गावातील वडीलधाऱ्यांनी दिलेला व लिहून घेतलेला जबाब, हे सर्व पुरावे म्हणून तेथे मानले आहे. कायद्याने जे मानले ते नेमके कॅमेऱ्याने उत्तम टिपता येते. ऐंशी वर्षांची कोलाम म्हातारी आपल्या सासऱ्याने घातलेला बांध बोटाने दाखवीत चालते आहे, हे दृश्य पडद्यावर चित्र आहे आणि ग्रामसभेपुढे साक्षही ठरू शकते. असा माहितीपट महोत्सवात बक्षीस मिळवो वा न मिळवो, त्याची पहिली प्रत ग्रामसभेत राहिली पाहिजे. ज्यांचे बोलणे टिपले त्यांच्या उपयोगी तो पडला की नाही, ही त्याची पहिली कसोटी आम्ही मानू.

दुसरी कसोटी भाषेची. कोलामी ही द्राविड कुळातील स्वतंत्र भाषा आहे. मराठीची बोली नव्हे. कोलाम माणूस मराठीत बोलतो तेव्हा तो कचेरीशी बोलत असतो, कोलामीत बोलतो तेव्हा घरच्यांशी. जमिनीच्या आठवणी त्या दुसऱ्या बोलण्यात आहेत. खाली मराठी अक्षरे द्यावीत. प्रेक्षकाने थोडे वाचण्याचे कष्ट घ्यावेत. तिसरी कसोटी नृत्याची. आदिवासींवरील चित्रपट म्हटला की ढोल वाजलाच पाहिजे, मोरपिसे हललीच पाहिजेत, ही खोड आपल्या दूरदर्शनच्या काळापासून आहे. दंडार नाचणाऱ्याला पाहून आपण टाळ्या वाजवितो, आणि टाळ्या वाजवून घरी जातो. नाच दाखवू नये असे आम्ही म्हणत नाही. नाचणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर आहे काय, हेही त्याच चित्रपटात कळले पाहिजे, एवढेच म्हणतो.

आणि येथे एका विस्मृत परंपरेचे स्मरण करावेसे वाटते. गोंडांच्या कुळांची कथा पिढ्यान् पिढ्या परधानांनी किंगरीच्या साथीने गाऊन जतन केली. कोणते कूळ कोठून आले, कोणते देवस्थान कोणाचे, हे त्या गाण्यांत सांभाळले गेले. यवतमाळला माहितीपटकार परक्या देशातून येण्यापूर्वी या मुलखाला स्वतःचे वृत्तांतकार होते. कायदा वंशावळीला पुरावा मानतो, तर वंशावळ गाणारा परधान त्या चित्रपटात केवळ पार्श्वसंगीतापुरता नसावा. तो निवेदकाच्या जागी बसावा. 'बिटर सीड्स'ने गावच्या लेकीला प्रश्नकर्ती केले, 'टू लॉज'ने साऱ्या गावाला दिग्दर्शक केले. या दोन धड्यांच्या पुढचे पाऊल यवतमाळात टाकता येण्याजोगे आहे.

आमच्या वाचकांतील पुष्कळ कुटुंबे वाडीची, शेताची, जमिनीची किंमत जाणणारी आहेत. सातबाऱ्यावरील एका चुकीच्या अक्षरापायी कचेरीच्या पायऱ्या झिजविणे म्हणजे काय, हे त्यांना सांगावे लागत नाही. ५ जुलै २०२१ रोजी फादर स्टॅन स्वामी यांचे मुंबईत, वांद्र्याच्या रुग्णालयात, कैदी अवस्थेत निधन झाले, तेव्हा अनेक धर्मग्रामांत मेणबत्त्या पेटल्या, प्रार्थना झाल्या. ते योग्यच झाले. परंतु झारखंडच्या आदिवासींच्या ज्या भूमिहक्कासाठी त्या वृद्ध धर्मगुरूंनी आयुष्य वेचले, त्याविषयी त्यानंतर आपल्या सभागृहांत किती वेळा बोलले गेले? मृत्यू आपल्या स्मरणात राहिला, जमीन राहिली नाही. यवतमाळवरील चित्रपटांविषयी आम्ही जे म्हटले, तेच येथेही लागू पडते. मरण पाहण्याची आपल्या डोळ्यांना सवय झाली आहे. हक्क पाहण्याची सवय अद्याप व्हायची आहे.

म्हणून जे माहितीपट झाले ते धर्मग्रामाच्या सभागृहात अवश्य दाखवावेत. कुटुंबांनी, विशेषतः तरुणांनी, ते पाहावेत. पाहून झाल्यावर दिवे लागताच निघून न जाता एक प्रश्न मोठ्याने विचारावा: या चित्रपटात दिसलेली जमीन कोणाची आहे? उत्तर मिळाले नाही तर तेवढा चित्रपट अपुरा आहे असे समजावे. केळापूर, मारेगाव, झरी-जामणी, घाटंजी, राळेगाव येथील पोडांवर ज्यांना ते उत्तर ठाऊक आहे असे वडीलधारे दरवर्षी थोडे थोडे कमी होत आहेत. त्यांचा जबाब लिहून घेण्यास कायद्याची मोकळीक आहे आणि तो टिपण्यास कॅमेरा आता पूर्वीइतका महाग राहिलेला नाही. उणीव आहे ती त्यांच्यापाशी जाऊन बसणाऱ्यांची.